लहान मुलांची थेरपिस्ट व्हायचंय, पण पालकांसमोर बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो

पाऊलखुणा:

नमस्कार. मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण झालं आहे. गेलं दीड वर्ष एका बालविकास केंद्रात मदतनीस म्हणून जाते. खेळाची खोली आवरायची, मुलांना आणायचं-सोडायचं, खेळणी पुसून जागच्या जागी ठेवायची आणि परवानगी असेल तेव्हा कोपऱ्यात बसून बघायचं, एवढंच माझं काम. मुलांमध्ये मी रमते. तीन वर्षांचं मूल वाळूत हात घालून दहा मिनिटं गप्प बसलं तरी मला कंटाळा येत नाही.

अडचण मोठ्या माणसांची आहे. मागच्या महिन्यात एका मुलाचे वडील मला दारातच म्हणाले, "दोन महिने झाले, नुसते खेळताय. बोलायला कधी लागणार हा?" माझ्या तोंडून शब्द फुटेना. वरिष्ठांच्या सांगण्यावरून त्याच्या बालवाडीतल्या बाईंना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही एका मुलाकडे बघता, मला वर्ग सांभाळायचा असतो." त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही, पण मला पुढे काय बोलावं हेच कळेना.

म्हणून विचारते. फक्त मुलांसोबत काम करायचं आणि पालक, शिक्षक यांच्याशी दुसऱ्या कुणी बोलायचं, असं करता येतं का? या कामात बरीच वर्षं काढलेलं कुणी इथे असेल तर कृपया मोकळेपणाने लिहा. मला अजून माघार घेता येईल अशा टप्प्यावर मी आहे.

---

चिकणमाती:

पाऊलखुणा, मी २७ वर्षं हेच काम करते आहे. पुढे जी उदाहरणं देते त्यांतले ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी थेट उत्तर. काही केंद्रांत एक थेरपिस्ट मुलाला बघतो आणि दुसरा आईवडिलांना. पण तिथेही दोघांना नियमितपणे एकत्र बसावंच लागतं. आणि मूल पाचाच्या आतलं असेल तर पालकांना बाजूला ठेवून काम करणं मला तरी कधी जमलेलं नाही. आठवड्याचे तास १६८. त्यातली ५० मिनिटं मूल माझ्याकडे असतं. उरलेला सगळा वेळ ते ज्यांच्याकडे असतं, त्यांना सोडून मी काय करणार?

घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या हान्सबद्दल तुम्ही अभ्यासक्रमात वाचलं असेलच. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ साली ती केस प्रसिद्ध केली. त्या उपचारांच्या काळात फ्रॉइड मुलाला एकदाच भेटले. बाकी सगळं वडिलांनी केलं: त्याच्याशी बोलणं, लिहून ठेवणं, फ्रॉइडना कळवणं. त्यातले निष्कर्ष मला फारसे पटत नाहीत. पण या कामाच्या अगदी आरंभी मुलाशी बोलणारा माणूस त्याच्या घरातलाच होता, हे मी विसरत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण तुमच्या प्रश्नात मला तिची चाहूल लागते. नोकरीचं तिसरं वर्ष. चार वर्षांचा मुलगा, घरी आदळआपट, फेकाफेक, आईला मारणं. माझ्या खोलीत मात्र तासभर मातीशी खेळायचा, जाताना डबी स्वतः बंद करायचा. एक दिवस त्याला न्यायला आलेल्या आईला मी आनंदाने म्हणाले, "माझ्याकडे तो अगदी शांत असतो." मला वाटलं, तिला बरं वाटेल. तिने काही न बोलता त्याचे बूट घातले. पुढच्या दोन आठवड्यांत ती आली नाही, नंतर तिने यायचं बंदच केलं. माझ्या सुपरव्हायजर बाईंनी मला एकच विचारलं: "तू बोललीस त्यात तिला काय ऐकू आलं असेल?" त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या बाईला ऐकू आलं होतं की मूल ठीक आहे, बिघाड तिच्यात आहे. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात कुठेतरी तेच होतं. मुलांवर जीव असलेल्या नव्या थेरपिस्टला मुलाच्या आईपेक्षा चांगली आई व्हायचं असतं. हे स्वतःत ओळखता आलं नाही तर आपणच त्या मुलाचं नुकसान करतो. तो मुलगा मला पुन्हा कधीच दिसला नाही.

त्यानंतर मी बाल-निरीक्षणाचं प्रशिक्षण घेतलं. मनोविश्लेषक एस्थर बिक यांनी १९४८ साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ही पद्धत सुरू केली. एका नवजात बाळाच्या घरी दर आठवड्याला एक तास जायचं, दोन वर्षं. तिथे काही टिपून घ्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, बाळ उचलायचं नाही. घरी येऊन आठवेल तसं सगळं लिहायचं आणि गटात वाचायचं. ऐकायला सोपं वाटतं. बाळ रडत असताना हात मांडीवर ठेवून बसून बघा. पहिले काही महिने मला आई फार हळू उठते असं वाटायचं. नंतर दिसू लागलं की उठण्याआधी ती एक क्षण माझ्याकडे बघते. तपासनीस समोर बसला असावा तशी. ते दिसल्यावर माझ्या चेहऱ्यावर काय असतं याची मी काळजी घेऊ लागले. आजवर घेतलेल्या सगळ्या शिक्षणात याच्याइतकं उपयोगी काही नाही. जिथे मिळेल तिथे करा.

दारातल्या त्या वडिलांबद्दल. दारात उत्तर देऊ नका, कितीही चांगलं सुचलं तरी. "याला नीट वेळ द्यायला हवा, आपण बसून बोलू" एवढं म्हणा आणि वरिष्ठांना सांगून वेळ खरोखर ठरवा. बसल्यावर खेळाचं महत्त्व पटवत बसू नका. त्यांना विचारा, "त्याला काही हवं असलं की तो तुम्हाला कसं कळवतो?" माझा अनुभव असा की या प्रश्नावर बाप माणूस सावरून बसतो. ते सांगत जातात आणि सांगता सांगता त्यांनाच ऐकू येतं की मूल बोलत नसलं तरी आपल्याला त्याचं बरंच कळतं.

एक गोष्ट मी बहुतेक सगळ्या पालकांना सांगते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांचा प्रयोग तुम्हाला माहीत असेल: आई बाळाशी खेळत असते, मग काही मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवते, आणि बाळ हसून, हात करून, ओरडून तिला परत बोलावायला बघतं. तो कोरा चेहराच लोकांच्या लक्षात राहतो आणि पालक धसका घेतात. पण त्याच ट्रॉनिक यांनी दाखवलं की चांगलं चाललेल्या आई-बाळाचंही एकमेकांशी जुळलेलं असतं ते साधारण ३० टक्के वेळच. बाकी वेळ चुकतं, हुकतं, पुन्हा जुळतं, आणि या पुन्हा जुळण्यातूनच मूल शिकतं. हे सांगितल्यावर एक आई माझ्यासमोर पाच मिनिटं रडली. मग म्हणाली, "म्हणजे काल ओरडले त्यावर आज जाऊन बोलता येईल?"

काही वेळा मात्र माहिती देऊन भागत नाही. बाळ रडतंय आणि आई खिडकीबाहेर बघत बसली आहे, असं मी पाहिलंय. मनोविश्लेषक सेल्मा फ्रायबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली अशाच एका आईबद्दल लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की जिचं स्वतःचं रडणं लहानपणी कुणी ऐकलं नाही, तिला बाळाचं रडणं ऐकणं सोसत नाही. आधी तिचं ऐकावं लागतं. अशा वेळी मी विचारते, "तुम्ही लहान असताना रडलात की कोण यायचं?" आणि मग गप्प बसते. कितीही वेळ लागो.

शिक्षकांचं राहिलं. सुरुवातीला एका बालवाडीत मी 'कठीण वर्तन' या विषयावर तासभर बोलले. मुलाच्या पातळीवर खाली बसा, भावनेला नाव द्या, वगैरे. मागे बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "आणि तेवढ्या वेळात बाकीच्या एकवीस मुलांचं काय करायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून अख्खी सकाळ वर्गात छोट्या खुर्चीवर बसल्याशिवाय मी शिक्षकांना एक शब्दही सुचवत नाही.

एक मुलगी चावायची. सगळे म्हणत, कारण नसताना चावते. मी तीन सकाळी बसले. ती चावायची ते तिच्या बाई पालकांशी बोलायला दाराकडे वळल्या की लगेच, जो हाताशी असेल त्याला. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दाराशी तर जावंच लागतं." बरोबरच होतं. मग त्यांनीच उपाय काढला: जाण्याआधी मुलीला नाव घेऊन सांगायचं आणि आपला रुमाल तिच्या हातात द्यायचा. चावणं एकदम थांबलं नाही, कमी होत गेलं. रुमालाची कल्पना माझी नव्हती, हे मी मुद्दाम सांगते.

लहान मुलाला गर्दीतही एक ठरलेलं माणूस लागतं, हे जुनं निरीक्षण आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रॉइड यांची मुलगी ॲना फ्रॉइड आणि तिची सहकारी डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवली. तिथे आधी सगळ्या जणी सगळ्यांचं करायच्या. मग थोड्या मुलांमागे एक ठरलेली बाई असे गट केले. सुरुवातीला हेवेदावे आणि रडारड वाढली, पण नंतर मुलं स्थिरावली, बोलण्यात पुढे गेली. तिथला नियमच होता की काम कोणतंही असो, प्रत्येकाने मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डावर लिहायचं. तिथला बॉयलर सांभाळणारे जेम्स रॉबर्टसन असंच लिहायला शिकले. पुढे त्यांनी हॉस्पिटलमध्ये एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण केलं. ते १९५२ साली दाखवलं गेलं, आणि मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना थांबू द्यावं ही मागणी त्यातून जोर धरू लागली. तुम्ही खेळणी पुसताना जे बघता, ते लिहून ठेवता का?

---

खडूफळा:

मी बालवाडीत शिकवते, १९ वर्षं झाली. चिकणमाती यांनी लिहिलेल्या त्या मागच्या बाईंच्या जागी मी अनेकदा बसले आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे थेरपिस्टचे अहवाल येतात. चार पानं वाचून झाली तरी सोमवारी सकाळी मी काय करू हे कळत नाही. एका थेरपिस्टने मात्र अर्ध्या पानावर तीनच वाक्यं लिहून दिली होती आणि खाली विचारलं होतं, 'यातलं तुमच्या वर्गात काय शक्य नाही ते कळवा.' मी कळवलं. त्यांनी बदललं. अशा माणसाचा फोन आला तर मी वर्ग मदतनीस बाईंवर सोपवूनसुद्धा घेते.

दुसरं जरा अवघड आहे. एका वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता, तो मला आवडायचा नाही. सकाळी तो आला नाही की मला हलकं वाटायचं. मी हे कुणाला सांगणार? त्याची थेरपिस्ट भेटायला आली आणि तिने मुलाबद्दल विचारायच्या आधी मला विचारलं, "त्याच्यासोबतचा दिवस तुम्हाला कसा जातो?" मी सांगून टाकलं. ती दचकली नाही. म्हणाली, "तो सगळ्यांना स्वतःपासून लांब ढकलतो, तुम्हालाही ढकललं." मुलगा तोच होता, पण दुसऱ्या दिवशी तो दारातून आत आला तेव्हा मला त्याच्याकडे बघता आलं.

पाऊलखुणा, त्या बाईंना पुन्हा फोन करा, पण वर्ग सुटल्यावर. आणि पालकांची परवानगी घेतली आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा. नाहीतर काय बोलावं, काय नको, या भीतीने आम्ही गप्प राहतो.

---

पाऊलखुणा:

दोघींचे मनापासून आभार. वडिलांना वरिष्ठांसोबत भेटले. तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, "माझं बोट धरतो, नळापाशी नेतो आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबतो." मग वीस मिनिटं तेच बोलत होते.

आणखी एक विचारायचं आहे. परवा एक मुलगी निघताना माझ्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "तूच माझी आई असतीस तर?" मी तिला जवळ घेतलं आणि काहीच बोलले नाही. तिची आई दाराबाहेरच होती. माझं चुकलं का?

---

चिकणमाती:

जवळ घेतलंत त्यात चूक नाही, तिनेच मिठी मारली होती. पण गप्प राहिलात त्याचा अर्थ ती स्वतःच लावणार: कदाचित हो, कदाचित हिलाही तसंच वाटतं. पुन्हा म्हणाली तर तिला सांगा, "इथे खेळायला तुला खूप आवडतं, आणि निघायची वेळ झाली की जावंसं वाटत नाही." नंतर तिला स्वतःच दारापर्यंत घेऊन जा आणि आईच्या हातात तिचा हात द्या, घाई न करता. आईला ते वाक्य जसंच्या तसं सांगू नका. आणि ते ऐकून तुम्हाला काय वाटलं, हे याच आठवड्यात तुमच्या वरिष्ठांशी बोला. आनंद झाला असेल तर तोही सांगा.

वडील नळाबद्दल जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. पुढच्या भेटीची सुरुवात तिथूनच करा.