सी मध्ये व्हिजनेर सायफर: डिक्रिप्ट केल्यावर मधेच कॅपिटल झेड येतोय

सेमिकोलन_विसरलो
मंडळी मदत करा, उद्या सबमिशन आहे. सी भाषेत व्हिजनेर सायफर लिहितोय, म्हणजे कीवर्डच्या (की) अक्षरांनुसार मेसेजचं एकेक अक्षर पुढे सरकवून गुप्त करायचं. कीवर्ड 'लेमन', मेसेज 'अटॅक ॲट डॉन', इंग्रजीत, सगळं स्मॉल लेटर्समध्ये. पहिला शब्द बरोबर एन्क्रिप्ट होतो पण दुसऱ्याला ई-एफ यायला पाहिजे तिथे एम-एच येतंय, आणि तोच आउटपुट परत डिक्रिप्ट केला तर अटॅकमधला दुसरा टी गायब, तिथे कॅपिटल झेड, शेवटच्या शब्दात तर चक्क चौकोनी कंस उगवलाय. एकच फॉर लूप आहे, आय नेच मेसेज वाचतो आणि आय मॉड्युलो ५ (५ ने भागून उरलेली बाकी) करून की. दोन तास डोकं फोडतोय.

पॉइंटरवाला
दोन वेगळे बग आहेत रे. पहिला स्पेसचा. स्पेस तू जसाच्या तसा सोडतोस पण आय पुढे सरकतोच, त्यामुळे कीचं एक अक्षर फुकट जातं. ॲटच्या ए ला ई मिळायचा, तो स्पेसने खाल्ला. की साठी वेगळा जे घे, अक्षर असेल तरच वाढव.

दुसरा वजाबाकीचा. ए ० धरला तर एफ म्हणजे ५, एम १२, उरले उणे ७. उणे ७ मॉड्युलो २६ पायथनमध्ये १९ येतं, सी मध्ये उणे ७च राहतं, मग स्मॉल ए चा ॲस्की कोड ९७, त्यातून ७ गेले की ९०, हाच तुझा झेड. मॉड्युलोच्या आधी २६ मिळव. कंस पण त्यातलाच, ९३.

सेमिकोलन_विसरलो
झालं दादा!! पण आता की कोडमध्ये न लिहिता एफगेट्सने (कीबोर्डवरून ओळ वाचणारं फंक्शन) घेतली तर सहावं अक्षर व्ही च्या जागी कॅपिटल एच??

रात्रपाळी_ताई
एफगेट्स एंटरसुद्धा आत घेतो, तुझी की ५ ची ६ झाली. एंटरचा कोड १०, त्यातून ए चे ९७ वजा, म्हणजे उणे ८७ ने सरकवतोयस अक्षर. स्ट्रसीस्पॅन फंक्शनने न्यूलाइन, म्हणजे तो एंटर, शोधून तिथे शून्य टाक. आणि की ला टूलोअर (स्मॉल करणारं फंक्शन) लाव, सर मुद्दाम कॅपिटलमध्ये टाइप करतात.

बाकी व्हायवात विचारलं तर, नाव व्हिजनेरचं असलं तरी पद्धत इटलीच्या बेलासोने १५५३ मध्येच छापली होती. १८६३ मध्ये प्रशियाच्या कासिस्कीने ती फोडायची रीतही छापली, तेव्हा यात पासवर्ड बिसवर्ड ठेवू नकोस.

सेमिकोलन_विसरलो
एच गेला, व्ही आला 🙏 ताई, सर खरंच कॅपिटलमध्येच टाइप करतात, तुम्हाला कसं कळलं?