मदत हवी आहे : सफरचंद आणि पानगळ या विषयावर लहान मुलांसाठी उपक्रम

नमस्कार.

मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गाला शिकवते. वर्गात १८ मुले आहेत, आणि घरी माझी साडेतीन वर्षांची मुलगी असल्यामुळे वर्गात जे करायचे ते आधी घरी करून पाहता येते. पुढचे तीन आठवडे मला 'सफरचंद आणि पानगळ' हा विषय घ्यायचा आहे. (शरद म्हटले की आपल्याला आधी चांदणे आठवते आणि पानगळ आपण शिशिराशी जोडतो. सफरचंदे पिकतात आणि पाने रंग बदलून गळतात, तो ऋतू मला अभिप्रेत आहे, म्हणून मुलांशी बोलताना मी 'पानगळीचा ऋतू' असेच म्हणते.)

मागच्या वेळी मी हाच विषय घेतला तेव्हा लाल कागदाची १८ सफरचंदे कापून ठेवली होती. हिरवी पाने आणि देठाच्या तपकिरी पट्ट्याही मीच कापल्या होत्या. मुलांनी मी दाखवलेल्या जागी ते सगळे चिकटवले आणि वर्गात दोरीवर १८ एकसारखी सफरचंदे लटकली. पालकांना ती फार आवडली. मात्र एका मुलाने दुपारी आपले सफरचंद दोरीवरून काढून घेतले, उलटसुलट करून पाहिले, कागदाची कड नखाने उचकटली आणि मला विचारले, "ह्याच्या आत बिया कुठे आहेत?" त्याला काय उत्तर द्यावे हे मला सुचेना. कापणे, रंग निवडणे, जागा ठरवणे ही सगळी कामे मी केली होती आणि मुलांच्या वाट्याला फक्त डिंक आला होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आले.

म्हणून या वेळी खरे सफरचंद आणि खरी पानेच मुलांच्या हातात द्यायची असे मी ठरवले आहे. घरी काही गोष्टी करून पाहिल्या. त्यांतल्या काही जमल्या, काही फसल्या.

सर्वांत चांगली जमली ती सफरचंद आडवे कापण्याची गोष्ट. आपण एरवी देठापासून खाली अशा उभ्या फोडी करतो, त्यामुळे आतली चांदणी कधी दिसतच नाही. देठ वर ठेवून बरोबर मध्यावर आडवा काप घेतला की पाच टोकांची चांदणी दिसते. तिचे प्रत्येक टोक म्हणजे बियांचा एक कप्पा असतो आणि एका कप्प्यात साधारणपणे दोन बिया असतात, पण एखादा कप्पा रिकामाही निघतो. माझ्या मुलीने एकेका कप्प्यात बोट घालून बिया काढल्या आणि सात मोजल्या. रिकाम्या कप्प्यात तिने पुन्हा पुन्हा बोट घालून पाहिले आणि मग दुसरे सफरचंद कापायला सांगितले. कापण्याआधी बियांचा अंदाज सांगायचा आणि मग मोजून पाहायचे, हे वर्गात नक्की करणार आहे.

ठसे मात्र फसले. अर्धे सफरचंद रंगात बुडवून कागदावर दाबले तर रंग ओघळून नुसता लाल डाग उमटला, चांदणी कुठेच दिसली नाही. फोड तपकिरी होते तो प्रयोगही केला, पण माझी मुलगी दोन मिनिटांत कंटाळून निघून गेली. जाड पुस्तकात दाबून ठेवलेली पाने काढली तेव्हा त्यांतली काही सुरकुतलेली होती आणि दोन पानांवर बुरशी आली होती.

तर माझे प्रश्न असे आहेत. ठशात चांदणी स्पष्ट उमटावी यासाठी काय करावे? फोड तपकिरी का होते हे इतक्या लहान मुलांना कितपत आणि कोणत्या शब्दांत सांगावे? पाने नीट कशी वाळवावीत? आणि तीन वर्षांचे मूल व सहा वर्षांचे मूल एकाच टेबलाशी बसलेले असताना दोघांनाही पुरेल असे काम कसे द्यावे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.

पहिला प्रतिसाद

ताई, ठशांची अडचण बहुधा रसामुळे आणि पातळ रंगामुळे येते आहे. सफरचंद कापल्यावर बिया काढून टाका, म्हणजे कप्पे पोकळ राहतील आणि तिथे रंग न लागता चांदणी कोरी उमटेल. मग कापलेली बाजू सुती कपड्यावर पालथी घालून दहा-पंधरा मिनिटे ठेवा आणि रंग लावण्याआधी पुन्हा एकदा टिपून घ्या. सफरचंद रंगात बुडवू नका. बशीत ओला स्पंज ठेवून त्यावर दाट रंग पसरा आणि सफरचंद त्या स्पंजावर हलकेच दाबा. कागदाखाली वर्तमानपत्राची जाडसर घडी ठेवली तर टेबल थोडे मऊ होते आणि ठशाची कड तुटत नाही. लहान मुलांच्या हातातून अर्धे सफरचंद निसटते, यासाठी पाठीमागच्या बाजूला सुरीने दोन खाचा पाडून चिमटीत धरता येईल अशी मूठ करा. हे काम अर्थातच मोठ्यांनी करायचे.

फोड तपकिरी होण्याबद्दल आपल्याला माहीत असावे ते असे. कापताना पेशी फुटतात, गरातली पॉलिफिनॉल नावाची द्रव्ये आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचे विकर (एन्झाइम) एकत्र येतात, हवेतल्या ऑक्सिजनच्या साहाय्याने त्यांची क्रिया होते आणि तपकिरी द्रव्य तयार होते. लिंबाच्या रसातल्या आम्लामुळे हे विकर मंदावते आणि त्यातले क जीवनसत्त्वही रंग चढू देत नाही. तीन वर्षांच्या मुलाला यातले काहीही सांगण्याची गरज नाही. "सफरचंदाची साल त्याला झाकून ठेवते, आपण कापले आणि आत हवा लागली" एवढे पुरे होते.

मूल कंटाळले यात त्याचा दोष नाही, कारण पाहण्यासारखे काही घडायला वेळ लागतो आणि तोवर त्याला बसवून ठेवण्यात अर्थ नसतो. मी सकाळी तीन बशा मांडते, एकीत नुसती फोड, दुसरीत पाण्यात बुडवून काढलेली आणि तिसरीत लिंबाचा रस लावलेली. मुले एकदा पाहतात, खेळून आल्यावर पाहतात आणि घरी जाण्याआधी पाहतात. प्रत्येक वेळी कागदावरच्या गोलात त्या क्षणी दिसतो तो रंग भरायचा. शेवटच्या वेळी मी एक सफरचंद त्यांच्यासमोर नव्याने कापते आणि ती फोड सकाळच्या फोडींशेजारी ठेवते. हे मात्र चुकवू नका, कारण सकाळची फोड कशी दिसत होती हे लहान मुलांच्या लक्षात राहिलेले नसते आणि दोन्ही शेजारी असल्याशिवाय त्यांना फरक जाणवत नाही.

घमेल्यात पाणी घेऊन सफरचंद आणि बटाटाही सोडून पाहा. सफरचंदाच्या आकारमानाचा सुमारे चौथा हिस्सा हवा असते, म्हणून ते तरंगते. बटाटा तळाशी जातो. पाण्यात सोडण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज सांगायचा.

दुसरा प्रतिसाद

उपक्रम छान आहेत, पण खाण्याबाबत थोडे सांगावेसे वाटते. कच्च्या सफरचंदाचा कडक तुकडा चार वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतो. चव घेण्याचा खेळ असेल तर त्यांना किसून, अगदी पातळ काप करून किंवा वाफवून मऊ करून द्यावे आणि खाताना मुलांनी बसलेले असावे. बियांमध्ये अमिग्डॅलिन नावाचे द्रव्य असते आणि बी चावली गेली की त्यापासून सायनाइड तयार होते. एखादी अख्खी बी गिळली गेल्यास घाबरण्याचे कारण नसते, तरीही मोजून झालेल्या बिया वाटीत गोळा करून मोठ्यांनी बाजूला ठेवाव्यात. काही मुलांना कच्च्या सफरचंदाने ओठांना व तोंडाला खाज सुटते, म्हणून पालकांना आधी विचारून घ्यावे. ठशांची सफरचंदे आणि खाण्याची सफरचंदे वेगवेगळ्या टेबलांवर ठेवावीत.

तिसरा प्रतिसाद

मी पानांबद्दल लिहिते. बुरशी येते ती पानात ओल राहिल्यामुळे. पाने कोरड्या दिवशी वेचावीत आणि नुकतीच गळलेली, अजून लवचीक असलेली निवडावीत. कुरकुरीत झालेले पान दाबताना तुटते. पुस्तकाच्या गुळगुळीत पानांना ओल शोषता येत नाही, त्यामुळे आधी वर्तमानपत्राच्या किंवा टिपकागदाच्या घडीत पाने एकमेकांवर येणार नाहीत अशी मांडावीत आणि वर वजन ठेवावे. दुसऱ्या दिवशी कागद बदलावा आणि पुढेही कागद ओलसर लागला की बदलावा. पातळ पाने आठवड्याभरात होतात. मधली शीर जाड असेल तर दोन आठवडे लागतात. तुमचा विषय तीन आठवड्यांचा आहे, तेव्हा पाने पहिल्याच दिवशी वेचायला जा.

वाळेपर्यंत थांबायचे नसेल तर ताज्या पानावर कागद ठेवून खडू घासण्याचे काम घ्या. पान पालथे ठेवावे, कारण शिरा मागच्या बाजूला जास्त उठावदार असतात. वर पातळ कागद ठेवून तो चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीने टेबलाला लावावा, नाहीतर कागद सरकतो आणि मूल रडकुंडीला येते. मेणाच्या खडूचे वेष्टन काढून तो आडवा धरायला शिकवावे. आधी कडा दिसतात, मग मधली शीर आणि मग तिचे फाटे हळूहळू वर येतात. हे होत असताना मुले ज्या शांततेने पाहत राहतात ती अनुभवण्यासारखी असते.

सहा वर्षांच्या मुलांना रंग का बदलतो हे सांगता येते. पानातला पिवळा रंग आधीपासून तिथेच असतो, पण हिरव्या रंगाखाली झाकलेला असतो. दिवस लहान आणि थंड होऊ लागले की झाड हिरवे द्रव्य नव्याने बनवणे थांबवते, उरलेले विरून जाते आणि पिवळा उघडा पडतो. लाल रंगाचे तसे नसते. तो बहुतेक झाडांत त्याच दिवसांत पानात साठलेल्या साखरेपासून नव्याने तयार होतो. देठाच्या बुडाशी झाड एक पातळ थर तयार करते आणि पान तिथून सुटते. गळलेल्या पानाच्या देठाचे टोक मुलांना बोटाने चाचपू द्या. ते फाटलेले नसते, गुळगुळीत असते. "झाडाला दुखले का?" असे मुले हमखास विचारतात आणि तेव्हा हे टोक दाखवता येते.

वेगवेगळ्या वयांबद्दल माझा अनुभव असा की टोपली एकच ठेवावी आणि सूचना वेगळी द्यावी. तीन वर्षांची मुले पाने रंगानुसार लावतात, चार-पाच वर्षांची लहान ते मोठी अशी रांग करतात आणि सहा वर्षांची कडा पाहून गट करतात, साधी कड एकीकडे आणि दातेरी दुसरीकडे. सफरचंदांचेही तसेच करता येते. लाल, हिरवी आणि पिवळी सफरचंदे जमिनीवर आखलेल्या रकान्यांत एकापुढे एक ठेवली की मोठ्या मुलांना आलेखाची ओळख होते आणि धाकट्यांना रंगांची.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आज घरी पुन्हा ठसे केले. बिया काढल्या, सफरचंद पालथे घालून ठेवले, स्पंज वापरला आणि तिसऱ्या ठशाला पाचही टोके स्वच्छ उमटली. मुलीने ती बोटाने मोजली आणि मग प्रत्येक टोकात पेन्सिलीने एकेक बी काढली. खाण्याबाबतची सूचना आजच पालकांना लिहून पाठवते आहे आणि पाने वेचायला पहिल्याच दिवशी जाणार आहोत. पहिले सफरचंद कापण्याआधी बियांचा अंदाज सांगायला, मागच्या वेळी "बिया कुठे आहेत?" असे विचारणाऱ्या त्या मुलाला मी पुढे बोलावणार आहे.

एकच शंका उरली आहे. गोळा केलेल्या बिया मुलांसोबत पेरल्या तर तीन आठवड्यांत अंकुर दिसतील का?

तिसरा प्रतिसाद देणारी

इतक्या लवकर नाही. सफरचंदाच्या बीला रुजण्याआधी थंडी लागते. ओलसर कागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात घालून बिया फ्रिजमध्ये दोन ते तीन महिने ठेवाव्या लागतात, आणि अधूनमधून कागद कोरडा पडलेला नाही ना हे पाहावे लागते. सगळ्या रुजत नाहीत, म्हणून एकेका मुलाच्या नावाची एकेक बी असे करू नका, सगळ्यांच्या मिळून ठेवा. डब्यावर तारीख लिहा आणि दर आठवड्याला एका मुलाला डबा उघडून पाहायला द्या.