'कस्टमाइज'ला मराठीत काय म्हणावं?

डिचोलीकर: नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयातल्या संगणकावर बुकमार्क साठवायचं एक अ‍ॅप घातलंय. राजपत्रं, जुने अंक, परीक्षांची वेळापत्रकं, सगळे दुवे त्यात. त्यातली नावं आपल्या भाषेत बदलता येतात, ते काम माझ्याकडे आलंय. डावीकडची पट्टी लपवणं, रकाने मागेपुढे सरकवणं, ओळींची उंची, रंग, हे सगळं एकाच बटणामागे आहे आणि त्यावर 'कस्टमाइज' असं आहे. मी 'सानुकूल करा' लिहिलं. रोज पेपर वाचायला येणाऱ्या एक निवृत्त बाई म्हणाल्या, "सानुकूल ग्रह असतात, बटण नव्हे." दुसरं काय लिहू? जागा जेमतेम दोन शब्दांची आहे.

मांडवीकाठ: बाईंचं म्हणणं रास्त आहे. जे आपणहून आपल्या बाजूचं असतं ते सानुकूल. इथे बदल माणूस करतोय. मग 'अनुकूल करा' पुरे, तो 'स' कशाला? माझं मत मात्र 'मांडणी बदला'ला.

फोंड्याचा वाचक: मांडणी म्हणजे आमच्याकडे भांड्यांची फळी. शिवाय रंग बदलला तर त्याला मांडणी कोण म्हणेल? 'बेतून घ्या' लिहा. शिंपी अंगाबरोबर कापड बेततो, तेच इथे चाललंय. शब्द अस्सल आहे, छोटा आहे.

मांडवीकाठ: जिवावरही बेततं. बटणावर नको.

फोंड्याचा वाचक: जिवावर उठतातही. म्हणून 'उठणं' कोणी टाकून दिलं नाही.

काणकोणकर: कस्टमाइजच ठेवा. वाचनालयात येणारी पोरं फोनवर टॅग, थीम, फोल्डर बघतच वाढलीत. चावी, फीत, पगार हे तिन्ही पोर्तुगीजमधून आले, आज कोणाला परके वाटतात? शब्द रुळला की आपला.

मडगावची माई: मेजही पोर्तुगीजच.

मांडवीकाठ: नाही माई, मराठीतलं मेज फारसी.

मडगावची माई: देशावर फारसीतून आलं असेल. आमच्याकडे ते समुद्रावरून आलं असं मी म्हणते. 'मेझा' आणि 'मेज' शेजारी ठेवून बघा. एकच शब्द दोन वाटांनी घरात येऊ नये असं कुठे आहे?

काणकोणकर: येऊ दे, पण मग इंग्रजीची वाट तेवढी का अडवता?

मांडवीकाठ: अडवत नाही. चावीच्या जागी आपला शब्द सुचेना म्हणून ती आली नव्हती, किल्ली होतीच. दोन्ही राहिल्या. पण आज आपण शब्द शोधायलाच बसत नाही, दुःख त्याचं आहे. पोरांना 'मांडणी' कळत नाही असं गृहीत धरणं मला पटत नाही.

डिचोलीकर: आणखी एक अडचण सांगतो. बुकमार्कांना 'वाचनखुणा' लिहिलंय, मराठी संकेतस्थळांवर रुळलेला शब्द आहे. पण ओळी दाट केल्या की खालचा उकार कापला जातो आणि यादीच्या डोक्यावर चक्क 'वाचनखणा' दिसतं. रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेली उंची देवनागरीला पुरत नाही, वर मात्रा-वेलांट्या, खाली उकार. उंची एक पायरी वाढवली की उकार परत येतो, पण पडद्यावर दुवे कमी मावतात.

मडगावची माई: उंची वाढवाच, उकार कापून मराठी वाचायची नाही. पण 'खण' फोल्डरला घ्या की हो! आमच्या फडताळाला खण होते. वरच्या खणात पोथ्या, मधल्यात औषधं. 'नवा खण', 'खण उघडा', किती सरळ आहे.

फोंड्याचा वाचक: वा, माई! मूळ 'खंड' असावं असं मला वाटतं. भाग, तुकडा.

मांडवीकाठ: मला 'खणणे' जवळचं वाटतं. पोकळ केलेली जागा.

फोंड्याचा वाचक: आणि घराचे खण? दोन तुळयांमधली जागा ती. तिथे कोण काय खणतं?

काणकोणकर: खण म्हटल्यावर पोरींना ओटीतला खण आठवेल.

मडगावची माई: आठवू दे बाबा. एकाच घरात दोन्ही खण होते, कोणाची गफलत झाली नाही. आणि ती डावीकडची पट्टी आहे ना, तिला पडवी म्हणा. मुख्य घराला लागून, हवी तेव्हा वापरायची.

मांडवीकाठ: 'बाजूपट्टी' स्पष्ट आहे, माई. पडवी लपवता येत नाही.

फोंड्याचा वाचक: पडवी पुढची की मागची ते आधी ठरवा. आमच्याकडे नुसतं 'पडवीत ठेव' म्हटलं तर नारळ आणि लाकडं जिथे असतात ती मागची. पुढच्या बाजूला सोपा, तिथे माणसं बसतात. तुमच्या मडगावात उलटं म्हणतात का?