मदत हवी आहे : ‘सोलॅनम डल्कामारा’ या नावाची लॅटिन फोड

नमस्कार.

होमिओपॅथीच्या बाटलीवरचे ‘डल्कामारा’ हे नाव मी लहानपणापासून वाचत आलो आहे. परंतु वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या नातीने त्याचा अर्थ विचारला, तेव्हा ‘डल्सिस’ म्हणजे गोड आणि ‘अमारा’ म्हणजे कडू, यापलीकडे मला काही सांगता आले नाही. ही युरोपातली विषारी वेल आमच्या कामोणीच्या आणि वांग्याच्या कुळातली आहे. चित्रात पाहिले तर फूल थेट वांग्याच्या फुलाची आठवण करून देते : मागे वळलेल्या पाच जांभळ्या पाकळ्या आणि मधोमध पिवळ्या परागकोशांची चोच. फळे मात्र पिकल्यावर लालभडक होतात.

माझी मुख्य अडचण लिंगाची आहे. या सर्वांच्या शास्त्रीय नावांतला पहिला शब्द, म्हणजे प्रजातीचे (genus) नाव ‘सोलॅनम’, नपुंसकलिंगी असल्यामुळे कामोणीच्या नावात ‘नायग्रम’ (काळे) आणि बटाट्याच्या नावात ‘ट्युबरोसम’ (गाठींचे) अशी नपुंसकलिंगी विशेषणे येतात, जशी आपण ‘काळे वांगे’ म्हणतो, ‘काळी वांगे’ म्हणत नाही. मग ‘डल्कामारा’ स्त्रीलिंगी का राहिले? वांग्याच्या ‘मेलोंजेना’चेही तसेच आहे, पण ते वनस्पतींना द्विपदी नावे देणाऱ्या लिनियसच्या आधी फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोरने प्रजातीचे स्वतंत्र नाव म्हणून वापरलेले नाम होते. त्यावरून ‘डल्कामारा’ हेही विशेषण नसून जुने नामच असावे आणि लिनियसने 1753 मध्ये ते न बदलता ‘सोलॅनम’पुढे ठेवले असावे, असे मला वाटते. सतराव्या शतकात इंग्रज वनौषधितज्ज्ञ कल्पेपरने हीच वनस्पती ‘अमारा डल्सिस’ म्हणून नोंदवली आहे, म्हणजे कडू आधी आणि गोड नंतर. देठ चघळल्यास चवही त्याच क्रमाने लागते असे सांगतात, म्हणून ही उलटापालट मला विशेष खटकते. ती कोणी आणि का केली?

दुसरा प्रश्न ‘सोलॅनम’चा. पहिल्या शतकात वैद्यकावर लिहिणाऱ्या रोमन सेल्ससने ग्रीकांच्या ‘स्ट्रिख्नॉन’ या वनस्पतीसाठी हा शब्द दिला आहे. काही जण तो ‘सोल’ म्हणजे सूर्य यावरून, तर काही ‘सोलारी’ म्हणजे सांत्वन करणे यावरून आला असे मानतात. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस पूर्वेच्या वाऱ्याला ‘सोलॅनस’ म्हणतो, त्यामुळे माझा कल सूर्याकडे आहे. ‘सोलारी’पासून ‘-आनम’ हे रूप कसे सिद्ध होईल, हे मला उमगत नाही.

लॅटिन व्याकरणाच्या जाणकारांनी माझे तर्क तपासून, चूक असेल तेथे स्पष्टपणे दाखवावी, ही विनंती. नातीच्या वहीत चुकीची व्युत्पत्ती जाऊ नये, एवढीच माझी कळकळ आहे.