अपडेटनंतर नेट गेलंय? काय बिघडलं, कसं सुटलं, पायऱ्यांसकट लिहा

विंडोजची अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते, तेव्हा आपल्याकडं रात्र असते. कोल्हापुरात बुधवारी सकाळी दुकानं उघडली की तक्रारी सुरू. कारण आणि उपाय नेमका लिहा, वर आपल्या भागाचं नाव टाका.

राजारामपुरी
काहीही रीसेट करायच्या आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायची खिडकी) ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) लिहून काय येतंय ते बघा. आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा पीसीचा क्रमांक, १६९.२५४ नं सुरू झाला तर राउटरनं पत्ता दिलेलाच नाही. केबल आणि राउटर तपासून ‘आयपीकॉन्फिग /रिन्यू’ (ipconfig /renew) द्या, म्हणजे पत्ता पुन्हा मागितला जातो. पत्ता बरोबर असेल तर राउटरला पिंग करा (उत्तर येतंय का ते बघणारी आज्ञा), मग गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरला. दोन्हीकडून उत्तर येतंय पण साइट उघडत नाही, म्हणजे दोष बहुधा डीएनएसचा, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा.

शाहूपुरी
वाय-फायचं चिन्हच गायब असेल तर ड्रायव्हर, म्हणजे वाय-फायचा भाग चालवणारा प्रोग्रॅम, बघा. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडाप्टर, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, ‘रोल बॅक’. बटण फिकट दिसलं तर मागचा ड्रायव्हर शिल्लक नाही. मग फोन यूएसबीनं जोडून टेदरिंग करा (फोनचं नेट लॅपटॉपला द्या) आणि लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. तो हाती येईपर्यंत जुना काढू नका.

उद्यमनगर
नेट चालू, पण वर्कशॉपमधला जुना नॅस (सगळ्यांच्या फायली ठेवायचा नेटवर्कवरचा डबा) उघडत नाही, हे वेगळं दुखणं आहे. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ या आवृत्तीपासून एसएमबी साइनिंग, म्हणजे नेटवर्कवरून फायली देता-घेताना प्रत्येक निरोपावर डिजिटल सही, मुळातच सक्तीचं झालं आणि पासवर्डशिवायचा गेस्ट प्रवेश बंद झाला. नॅसचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा, प्रत्येकाला युजर-पासवर्ड द्या. साइनिंग बंद करता येतं, पण ड्रॉइंग आणि हिशोब ज्या डब्यात आहेत त्याची कडी काढून ठेवू नये, असं माझं ठाम मत.

गुजरी
बिलिंगचा दुसरा पीसी किंवा प्रिंटर दिसेना झाला तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क प्रोफाइल ‘पब्लिक’ झालंय का बघा, त्यात पीसी इतरांपासून लपतो. ‘प्राइव्हेट’ केलं की बहुतेक वेळा काम होतं.

कसबा बावडा
उबुंटू या लिनक्समध्ये अपडेटनं कर्नल (सिस्टमचा गाभा) बदलल्यावर वाय-फाय गेलं तर ग्रबमधल्या (पीसी सुरू होतानाचा मेनू) ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. त्यावर नेट आलं, तर बाहेरून घातलेलं वाय-फायचं मॉड्यूल (लिनक्समधला ड्रायव्हर) बहुधा नव्या कर्नलसाठी तयार झालेलं नाही. नव्या कर्नलचे हेडर (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फायली) टाकून डीकेएमएस, म्हणजे मॉड्यूल बनवून देणारा प्रोग्रॅम, पुन्हा चालवा. तरी लोड होत नसेल तर बहुधा सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं सॉफ्टवेअर रोखणारी सोय, अडवतंय. मग मॉड्यूलवर सही करणारी चावी पीसीत नोंदवावी लागते.

राजारामपुरी
आणखी एक: विंडोजमधलं ‘नेटवर्क रीसेट’ अगदी शेवटी. त्यात वाय-फायचे पासवर्ड आणि हातानं भरलेला आयपी जातो. आयपी, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस हे चारही आकडे आधी वहीत उतरवा.