अंधांसाठी वेगळा इंटरनेट रेडिओ हवा, की फोनच पुरे?

सांजवात
परवा घरात यावरून चांगलीच खडाजंगी झाली, म्हणून इथे टाकतेय. माझे मामा ७४ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, राहायला तासगावला. काचबिंदूने सहासष्टाव्या वर्षी दृष्टी गेली ती पूर्णच. त्यांचा जुना दोन बँडचा रेडिओ होता. कान पिळत थेट टोकाला न्यायचा, अडला की अंदाजाने दोन बोटं मागे आणायचा, खरखर विरळ झाली की आकाशवाणी सांगली. दिसत नसताना आठ वर्षं त्यांनी हे बिनचूक केलं. तो रेडिओ गेला. मधल्या काळात मीडियम वेव्हवर एलईडी दिव्यांची आणि चार्जरची घरघर इतकी वाढली की दुसरा आणूनही उपयोग झाला नाही.

म्हणून मावसभावाने परदेशातून वायफायवर केंद्रं लावणारा इंटरनेट रेडिओ आणला. दिसायला देखणा. पण त्याचा कान गोल गोल फिरतच राहतो, कुठे अडत नाही. कुठलं केंद्र आलं ते बोटभर पडद्यावर उमटतं, आणि ते मामांना दिसायचं नाही. एकदा वीज जाऊन आली आणि भलतंच केंद्र लागलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. मामांनी दीड दिवस कुठल्याशा अनोळखी भाषेतल्या प्रार्थना ऐकल्या. बंद का नाही केला विचारलं तर म्हणाले, "परत लागला नसता म्हणजे?"

माझं म्हणणं असं की अंधांसाठी बोलणारा, ठसठशीत बटणांचा इंटरनेट रेडिओ आपल्याकडे सहज मिळायला हवा. परदेशात अशी यंत्रं आहेत. आपल्याकडे का नाहीत?

काठीवाला
मी जन्मांध आहे, बँकेत नोकरी करतो आणि तुमच्याशी साफ असहमत आहे.

आकाशवाणीच्या न्यूज ऑन एअर ॲपवर दोनशेहून जास्त केंद्रं आहेत. कुठल्याही अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा टॉकबॅक असतो, आयफोनमध्ये त्याच कामाचं व्हॉइसओव्हर २००९ पासून आहे. एक पैसा जास्तीचा पडत नाही. त्याच फोनवर मी पैसे पाठवतो, रिक्षा बोलावतो, तुमचा हा धागा वाचतोय. मग 'खास अंधांसाठी' म्हणून आणखी एक डबा कशाला? आम्हाला काहीही द्यायचं तर ते वेगळं, अवजड आणि दुप्पट महाग असलंच पाहिजे असा काही नियम आहे का? व्हिक्टर रीडर स्ट्रीम नावाचं यंत्र खिशात मावतं, पुस्तकंही वाचतं, इंटरनेट रेडिओही लावतं. उत्तम आहे, मी वापरलंय. पण किंमत काहीशे डॉलर. तेवढ्यात इथे दोन-तीन बरे फोन येतात.

दुसरं म्हणजे हे रेडिओ स्वतःच्या पायावर उभे नसतात. केंद्रांची यादी कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवरून येते. रेसिव्हा नावाची अशी सेवा होती, अनेक कंपन्यांचे संच तिच्यावर चालायचे. ३० एप्रिल २०२१ ला ती बंद झाली. रेडिओ धडधाकट, पण यादीच येईना. फोनमध्ये एक ॲप मेलं तर दुसरं टाकता येतं. डब्याचं काय करणार?

माळ्यावरचा_मर्फी
सांजवातताईंना +१.

ब्रिटनमध्ये अंधांना रेडिओ मिळावा म्हणून निधी आहे, ब्रिटिश वायरलेस फॉर द ब्लाइंड फंड. १९२९ च्या नाताळच्या दिवशी त्यासाठी रेडिओवरून पहिलं आवाहन केलं ते चक्क विन्स्टन चर्चिल यांनी. त्याआधी १९२६ मध्येच तिथल्या पार्लमेंटने कायदा करून अंधांना रेडिओचं लायसन्स माफ केलं होतं. त्याच निधीने पुढे सोनाटा नावाचा संच काढला: मोजकी मोठी बटणं, स्वतः बोलतो, इंटरनेट रेडिओ आणि बोलकी (वाचून रेकॉर्ड केलेली) वृत्तपत्रं ऐकवतो. शंभर वर्षांपूर्वी त्यांना कळलं की अंध माणसाला रेडिओ ही चैन नाही, ते त्याचं वर्तमानपत्र आहे. आपण अजून "फोन आहे की" म्हणतोय.

(आमच्याकडेही पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स भरायचे वडील. ते पुस्तक अजून आहे माळ्यावर.)

तिरकस
एवढा काथ्याकूट कशाला? बोलका स्पीकर आणा. तोंडाने सांगा, लागतं केंद्र. ना बटण ना पडदा. धागा बंद.

शेवंती
तिरकसराव, तुमच्या घरी वयस्कर माणूस नाही वाटतं. आमच्या आईसाठी आणला होता. कोकणातली बाई, बोलणं मालवणी. तिने "अस्मिता वाहिनी लाव" म्हटलं की अस्मिता नावाच्या कुठल्यातरी गायिकेचं गाणं लागायचं. मग आम्ही तिला इंग्रजीत नेमकं वाक्य पाठ करून दिलं. ती ते मंत्रासारखं म्हणायची, आणि एक शब्द चुकला की ते यंत्र तिला 'समजलं नाही' म्हणून सांगायचं. आठ दिवसांनी म्हणाली, "ह्या बाईक माझा बोलणा कळना नाय, तर मी कित्याक बोलू?" आता त्या स्पीकरवर फुलदाणी ठेवलीय.

तिरकस
हलके घ्या. फुलदाणी तरी आवाज करत नाही.

काठीवाला
@मर्फी, चर्चिल वगैरे ठीक. पण तिथे ते यंत्र संस्था देते, बिघडलं तर बघणारं कोणी असतं. आपल्याकडे काय होतं? शिबिर भरतं, हार-तुरे होतात, यंत्राचं वाटप होतं, फोटो छापून येतो. सहा महिन्यांनी बॅटरी फुगते आणि दुरुस्त करणारा शोधून सापडत नाही. माझ्या कपाटात अशी तीन यंत्रं आहेत. एक बोलकं घड्याळ तर रोज पहाटे चारला कुठूनतरी आत बोलतं, बंद कसं करायचं ते कोणालाच ठाऊक नाही.

आणि २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा बघा. कलम ४२ म्हणतं की रोजच्या वापराची इलेक्ट्रॉनिक उपकरणं सर्वांना वापरता येतील अशा घडणीची मिळावीत. सर्वांना! म्हणजे बाजारात येणारा प्रत्येक रेडिओ बोलता असला पाहिजे. 'अंधांचा रेडिओ' वेगळा काढलात की बाकीच्या कंपन्या सुटल्या. माझी लढाई त्या बाकीच्यांशी आहे.

सांजवात
तुमचा कायद्याचा मुद्दा मान्य. पण मामा त्या दिवसाची वाट किती वर्षं बघणार?

आणि टॉकबॅकचं सांगते. मी स्वतः त्यांना पंधरा दिवस शिकवलं. एका बोटाने सरकवायचं, दोनदा टिचकी मारायची. त्यांची टिचकी एक तर फार हळू पडते नाहीतर जोरात दाबली जाते. बोट कोरडं, काचेला कळतच नाही. एका ॲपमध्ये तर प्रत्येक बटणावर नुसतं "नाव नसलेलं बटण, नाव नसलेलं बटण" ऐकू यायचं. तेवढ्यात कोणाचा फोन आला की सगळं मुसळ केरात. शेवटी म्हणाले, "बाळ, मला शिकवण्यापेक्षा तूच लावून दे आणि जा." नेमकं हेच तर नको होतं ना आपल्याला.

पांढरा_खडू
मी नागपूरकडे दृष्टिहीन मुलांना शिकवते. दोन्ही बाजू वाचल्या, आणि दोघंही वेगवेगळ्या माणसांबद्दल बोलताय असं वाटलं.

माझी मुलं फोनवर तुमच्या-माझ्यापेक्षा वेगवान आहेत. आवाजाचा वेग इतका वाढवून ऐकतात की मला एक अक्षर लागत नाही. त्यांना वेगळा रेडिओ दिला तर हसतील. काठीवाला त्यांच्यातले मोठे झालेले. पण साठीनंतर ज्यांची नजर जाते त्यांचं गणितच निराळं. कित्येकांना मधुमेह असतो, डोळ्यांबरोबर बोटांची संवेदनाही बोथट झालेली असते. ब्रेल बोटाला लागत नाही, काच बोटाला ओळखत नाही. त्यांना हवी असते हाताला अडणारी, खट् आवाज करणारी वस्तू.

ऐकायला काय आहे हेही बघा. आमच्या नागपुरातून २०२२ मध्ये रेडिओ अक्ष सुरू झाला, खास दृष्टिहीनांसाठी, समदृष्टी क्षमता विकास एवं अनुसंधान मंडळ आणि इथल्या ब्लाइंड रिलीफ असोसिएशनने मिळून काढलेला. तो इंटरनेटवरच आहे. म्हणजे ज्यांच्यासाठी काढला त्यातल्या ज्यांना फोन जमत नाही, त्यांच्या घरात तो पोहोचायचा तर कोणीतरी डोळस लावून देणारा लागतो. ही मला खरी गोम वाटते.

काठीवाला
खडूताई, बोटांचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. मान्य. पण मग तशी माणसं शिकूच शकत नाहीत असं गृहीत धरू नका. माझ्या ओळखीत सत्तरीत टॉकबॅक शिकलेली बाई आहे. शिकवणाराही अंध होता, म्हणून जमलं. डोळस माणूस शिकवताना "इथे वर, कोपऱ्यात" म्हणतो.

सांजवात
...मी अगदी हेच म्हणत होते मामांना. "वर, कोपऱ्यात." :(

तारजोड
यंत्र जुळवणं हा माझा रिकामा उद्योग आहे, त्यामुळे थोडं तांत्रिक. वाद बाजूला ठेवून एक गोष्ट बघा: अंध माणसाला सर्वांत जास्त काय छळत असेल तर संच मुका होणं. जुन्या रेडिओत केंद्र नसेल तर खरखर यायची. खरखर म्हणजे यंत्र जिवंत आहे, पुढे शोधा. इंटरनेट रेडिओत काहीही बिघडलं की एकच उत्तर, शांतता. वीज गेली, वायफाय गेलं, पासवर्ड बदलला, केंद्राने आपला इंटरनेटवरचा पत्ता बदलला, की आवाजच शून्यावर आहे? पाचही वेळेला तीच शांतता. डोळस माणूस पडद्याकडे बघतो. मामा काय करणार?

त्यामुळे बोलका म्हणजे नुसतं केंद्राचं नाव सांगणारा नव्हे. "नेट नाही", "सांगली लागत नाही, पुन्हा बघतो" असं बोलणारा हवा. काहीच जमलं नाही तर हलकी खरखर तरी वाजवावी. मी गंमत करत नाहीये.

दुसरं, तो न अडणारा कान. आत रोटरी एन्कोडर असतो, कंपन्यांना स्वस्त पडतो आणि हजारो केंद्रांच्या यादीसाठी बरा. त्याऐवजी जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरसारखा टप्प्याटप्प्याचा स्विच घाला: बारा खाचा, दोन्ही टोकांना अडतो. पहिली खाच सांगली, दुसरी पुणे, तिसरी विविध भारती. बोटांना पाठ होतं. ईएसपी३२ नावाची चिप, छोटा अँप्लिफायर, स्पीकर आणि हा स्विच, हजार-बाराशेत सुटे भाग येतात. केंद्रांचे पत्ते संचात कोंबायचे नाहीत, बाहेर एका साध्या फाइलीत ठेवायचे. बदलला पत्ता की भाचीने पुण्यात बसून फाइल सुधारायची, तासगावचा संच आपोआप तीच वाचेल.

काठीवाला
आणि भाची कंटाळली की? रेसिव्हा कंपनी तरी होती, इथे एकटी भाची.

तारजोड
टोला बरोबर बसला. :) म्हणूनच आराखडा उघडा ठेवायचा, कोणालाही दुरुस्त करता यावा. पण आज चार माणसांसाठी चार संच होत असतील तर मी कायद्याची वाट बघत बसणार नाही.

माळ्यावरचा_मर्फी
मुळात आकाशवाणीने मीडियम वेव्हची जुनी ट्रान्समीटरं एकेक करून बंद करायला नको होती. पुणे केंद्राच्या ७९२ किलोहर्ट्झला ना पासवर्ड लागायचा ना भाची.

तिरकस
काका, धागा रेडिओ वाचवण्याचा नाहीये. सुरू झालात की थांबत नाही तुम्ही.

काठीवाला
सांजवात, एक विचारू? इतकं सगळं चाललंय. मामांना काय हवंय ते त्यांना विचारलंत का? आमच्या बाबतीत हे हटकून राहतं.

सांजवात
खरं सांगायचं तर तुम्ही म्हणालात तेव्हाच विचारलं. काल फोन केला. तारजोड यांच्या खाचांचं सांगितलं तर चटकन म्हणाले, "म्हणजे तिकिटाच्या पेटीसारखं." जुन्या कंडक्टरांकडे पत्र्याची पेटी असायची, रंगीत तिकिटांचे गठ्ठे रकान्यांत लावलेले. रात्रीच्या गाडीत दिवा बंद असला तरी कुठल्या रकान्यात किती पैशांचं तिकीट हे बोटांना माहीत असायचं. मी बारा केंद्रं म्हटलं तर म्हणाले बारा कशाला, पाच बास: सांगली, कोल्हापूर, पुणे, विविध भारती, आणि पाचव्या खाचेवर "काहीतरी नवीन, दर महिन्याला तू बदलायचं". रेडिओ अक्षचं सांगितलं, तर पाचव्या खाचेवर आधी तेच लाव म्हणाले.

फोनचंही विचारलं. म्हणाले, शिकीन, पण रेडिओ लावायला नाही. त्यांना एसटीतले जुने सोबती फोनवर शोधायचेत.

काठीवाला
मग मी शिकवतो. रविवारी सकाळी फोनवर. तुम्ही मध्ये बोलायचं नाही, ही अट.

तारजोड
स्विच मागवलाय. केंद्रांची नावं कोणाच्या आवाजात घालायची? संगणकी मराठी आवाज आहे माझ्याकडे, पण 'सांगली' असं म्हणतो की जणू आजारी पडलाय.

सांजवात
मामांनीच रेकॉर्ड करून पाठवलीत, आजच आली फाइल. "चलाऽ, सांगली! सांगलीवाले उतरून घ्या." पुढे "कोल्हापूर, कोल्हापूर, पुढे सरका." नेट नसेल तेव्हासाठी विचारलं, तर "गाडी फेल आहे, मागच्या गाडीने या."

काठीवाला
ती फाइल इकडेही पाठवा. आमच्या बँकेचं नेट गेलं की वाजवीन म्हणतो.