ओव्या गोळा करतेय, पण व्ह्यूजचं वेड लागलंय. कसं सोडू?

माणदेशी_लेक:
मी माण तालुक्यातली, नोकरीला साताऱ्यात. दोन वर्षं झाली, सुट्टीला गावी गेले की म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या फोनवर रेकॉर्ड करते, आत्तापर्यंत 340 झाल्यात. आधी आवडतं म्हणूनच करायचे. मग मैत्रीण म्हणाली इन्स्टावर टाक, एक रील 60 हजार चालली आणि तिथून माझं बिघडलं. आता ऑफिसातसुद्धा सारखं उघडून बघते, 200 वर अडकलं की दिवसभर तोंड पाडून बसते. गेल्या महिन्यात तर हद्द झाली, चुलत आजी दळायला बसली होती, काय सुंदर लय लागली होती, आणि मी तिला मध्येच थांबवून म्हणाले आजी जरा उजेडात बस, पदर नीट घे, मघाची ती सीतेची परत म्हण. तिनं म्हटली बिचारीनं. घरी येऊन ऐकलं तर मागं नुसता दगडावर दगड घासल्याचा आवाज. जात्यातलं दळण सरलं होतं, मी मूठभर जोंधळासुद्धा घालू दिला नव्हता. रडूच आलं मला. काम सोडायचं नाहीये, पण ही सवय कुणी सोडलीय का?

मुळशीकर:
ताई, आमच्या मुळशीकडं हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी हेच काम केलं. गावोगावच्या बायका त्यांच्यासोबत होत्या, पुढं ते महाराष्ट्रभर गेलं आणि एक लाखाच्या वर ओव्या जमल्या. तेव्हा कुठले व्ह्यूज नि कुठलं काय! ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटनं त्या ओव्या लोकांसमोर आणायला सुरुवात केली 2017 साली. तोपर्यंत हे दोघंही गेले होते, गी 2004 ला आणि हेमाताई 2010 ला. मला यातलं एकच कळतं, ज्या बाईनं ओवी म्हटली तिला ती परत ऐकवली का? तिच्या लेकीला दिली का? पहिलं गिऱ्हाईक तेच. तुमच्या आजीला हेडफोन लावून ऐकवा एकदा आणि तिच्याकडं बघत बसा.

मोडीचा_नाद:
मी रोज एक मोडी कागद वाचतो, तीन वर्षं कुणाला दाखवला नाही, त्यामुळं थोडं बोलतो. मोजायचंच असेल तर दुसरं काहीतरी मोजा. वही घाला, प्रत्येक ओवीसमोर बाईचं नाव, वय, माहेरचं गाव, तारीख, आणि दळताना म्हटली का नुसती बसून, हे लिहाच. माहेर विसरू नका, ओवी बहुतेक तिकडूनच आलेली असते. फाइल दोन ठिकाणी ठेवा, फोन पडला की संपलं सगळं. 340 पैकी किती उतरवून झाल्यात? तो आकडा वाढायला लागला की दुसऱ्या आकड्याची भूक आपोआप कमी होते, माझी तरी झाली.

दूरदेशी:
मला थोडं वेगळं वाटतं. मी 14 वर्षं बाहेर आहे, आई गेली, तिचा आवाज कुठंच नाही. एकदा रात्री कुणीतरी टाकलेली ओवी ऐकली, चाल अगदी आईची. त्या व्हिडिओला तेव्हा 87 व्ह्यूज होते. म्हणून टाकणं बंद करू नका प्लीज. आजीला विचारून, पूर्ण ओवी टाका, काटछाट न करता, आणि ॲप फोनमधून काढा, महिन्यातून एकदा लॅपटॉपवरून टाकून बंद करा.

माणदेशी_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. ॲप काढलं. रविवारी गेले होते, फोन कोनाड्यात ठेवला आणि जात्यासमोर मीच बसले, खुंटा दोघींनी धरला. माझा हात दहा मिनिटांत भरून आला. आजीनं दोन पायली दळेपर्यंत 31 ओव्या म्हटल्या, त्यातल्या नऊ मी आधी कधी ऐकल्याच नव्हत्या. मग तिला ऐकवल्या तर म्हणे, ह्यी माज्या आईची हाय, लिवून घे. माहेर म्हसवडकडचं, वहीत लिहिलंय.